घरी न्या, सेवा करा

"डॉक्टर काय म्हणाले?"

घरात शिरल्यावर सिस्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो. वाळूजच्या बजाजनगरात आणि भोवतालच्या रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी, छोटं पंढरपूर या गावांत त्या गेली 14 वर्षं घरोघरी जातात. या प्रश्नाला त्यांना बहुतेक एकच उत्तर मिळत आलं आहे : "घरी न्या म्हणले, सेवा करा."

सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र कोणी सांगितलेलं नसतं. डिस्चार्ज कार्डावर पाच-सहा गोळ्यांची नावं असतात. पेशंट खाटेवर तळमळत असतो आणि ज्यांनी सेवा करायची ती माणसं भिंतीला टेकून उभी असतात. सिस्टरांचं सगळं काम त्या चार शब्दांच्या पुढे सुरू होतं.

त्या स्वतः आधी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात वॉर्डात होत्या. हे वाक्य त्यांनीही कितीतरी नातेवाइकांना ऐकवलं आहे. बाहेर स्ट्रेचरवर दुसरा पेशंट थांबलेला असायचा, खाट मोकळी करून द्यायची असायची. घरी गेलेल्या माणसाचं पुढं काय होतं हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते सासऱ्यांच्या आजारात. फुप्फुसाचा कर्करोग होता. घरात शिकलेली नर्स असूनही शेवटचे 20 दिवस सासऱ्यांनी उशीत तोंड दाबून काढले. दुखण्यावर पोटात घ्यायची मॉर्फिनची गोळी असते, हे पुस्तकात वाचलेलं होतं. ती कुठं मिळते, किती द्यायची, कधी द्यायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ज्यांना विचारलं त्यांनाही नव्हतं. त्यानंतर वर्षभरात त्यांनी वॉर्ड सोडला, पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करण्याचं, शिक्षण घेतलं आणि एका धर्मादाय संस्थेच्या गृहभेट पथकात रुजू झाल्या. स्कूटीच्या डिकीत ड्रेसिंगचा डबा, हातमोजे, लघवीची नळी आणि नोंदवही. डॉक्टर आठवड्यातून एकदा सोबत येतात, एरवी फोनवर असतात.

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला. बीड, जालना, परभणी, बुलढाण्याकडून विशी-बाविशीची पोरं कामाला आली, प्लॉट घेतले, बजाजनगर उभं राहिलं. त्याच 1985 मध्ये देशात अमली पदार्थविरोधी कायदा आला. व्यसनाच्या धंद्याला आळा घालण्यासाठी केलेल्या त्या कायद्यानं मॉर्फिनभोवती परवान्यांचं असं कुंपण घातलं की रुग्णालयांनी आणि औषध दुकानदारांनी ते ठेवणंच सोडलं. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकत राहिली, तिच्यापासून औषधं बनवण्यासाठी ती परदेशातही गेली. इथला पेशंट मात्र कण्हत राहिला. कायद्यात दुरुस्ती झाली ती 2014 मध्ये. राज्यांच्या वेगवेगळ्या परवान्यांचा गुंता कमी झाला आणि मान्यताप्राप्त संस्थेला मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. पण मधल्या तीसेक वर्षांत डॉक्टरांच्या पिढ्या मॉर्फिन न लिहिताच तयार झाल्या होत्या. आणि 1985 मध्ये आलेली ती पोरं आता साठी ओलांडून आजारी पडू लागली होती.

त्यांतलेच एक काका. प्रेस शॉपमध्ये 26 वर्षं काढलेली. जबड्याचा कर्करोग मानेत उतरलेला. शहरात आमखास मैदानाजवळ 2012 पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, मराठवाड्यासह विदर्भ-खानदेशातूनही पेशंट तिथं येतात. शस्त्रक्रिया आणि शेक झाल्यावरही काकांचा आजार उलटला होता. घरात मॉर्फिनच्या गोळ्या होत्या, तरी ते रात्रभर बसून असायचे. सिस्टरांनी गोळ्या मोजल्या. 15 दिवसांच्या गोळ्यांतल्या निम्म्याही संपल्या नव्हत्या.

"लई ओरडाय लागले की देते," काकू म्हणाल्या. "रोज दिली तर सवय लागंल ना. अन् संपल्यावर कुठून आणू?"

या एका उत्तरात सिस्टरांना सगळा घोळ सापडला. पोटात घेतलेल्या मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. दुखणं डोक्यात चढेपर्यंत थांबलं तर तीच गोळी अपुरी पडते. आधीची उतरायच्या आत पुढची पोटात गेली पाहिजे. नेमून दिलेल्या मात्रेत दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं क्वचित घडतं, हेही समजावलं. काकूंच्या चेहऱ्यावर मात्र पटल्याची खूण दिसेना. मग सिस्टरांनी विचारलं, "काकांची शिफ्ट कशी असायची?"

"फस्ट, सेकंड, नाइट. 26 वर्षं डबा बांधलाय मी."

"बस निघून गेल्यावर डबा दिला तर?"

काकू हसल्या. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला सिस्टरांनी सांगितलेल्या वेळा मोठ्या अक्षरात लिहिल्या : सहा, दहा, दोन, सहा, दहा. रात्री दहाला डॉक्टरांनी दुप्पट मात्रा ठरवून दिली, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. मुलानं मोबाइलवर पाच अलार्म लावले. तिसऱ्या दिवशी सिस्टर गेल्या तेव्हा काका गाढ झोपलेले होते आणि काकू घाबरून उशाशी बसल्या होत्या, कारण इतकं झोपलेलं त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. सिस्टरांनी श्वास मोजला, हाक मारून पाहिली. काका जागे झाले आणि त्यांनी खुणेनं दाढीचं सामान मागितलं.

मॉर्फिनच्या बाबतीत एक चूक सिस्टर प्रत्येक नव्या परिचारिकेला आवर्जून सांगतात, कारण ती त्यांची स्वतःची आहे. या गोळीनं बद्धकोष्ठता होते, जवळपास प्रत्येकाला. म्हणून सोबत जुलाबाचं औषध रोज लागतं. एका आजीला डॉक्टरांनी ते लिहून दिलं होतं. घाईत सिस्टरांनी मॉर्फिन सविस्तर समजावलं आणि जुलाबाच्या औषधाकडं नुसतं बोट दाखवलं. घरच्यांना ते पोटाचं साधं औषध वाटलं. आजी जेवत नाही तर कशाला, म्हणून त्यांनी बंद केलं. आठव्या दिवशी आजींचं पोट नगाऱ्यासारखं झालं होतं आणि कर्करोगापेक्षा त्याच वेदनेनं त्या रडत होत्या. सिस्टरांनी हातमोजे चढवून बोटानं खडे काढले. त्याला पाऊण तास लागला. आजींनी त्यांना बोल लावला नाही. उलट, "लेकी, तुला घाण काढाय लागली," म्हणत त्यांचा हात धरून ठेवला. त्या दिवसापासून सिस्टर मॉर्फिनच्या आधी जुलाबाच्या औषधाबद्दल बोलतात आणि समोरच्याकडून ते वदवून घेतात.

याच आजींनी त्यांना दुखणं मोजायलाही शिकवलं. प्रशिक्षणात सांगितलेलं असतं की शून्य ते दहा असा आकडा विचारावा. आजींना दहापैकी किती हे कळेना. "रुपयात किती आणे दुखतं?" म्हटल्यावर त्या चटकन बोलल्या, "चौदा आणे." डोस वाढवल्यावर सहा आण्यांवर आल्या. नोंदवहीच्या त्या पानावर आजही आणेच लिहिलेले आहेत.

मराठवाड्यात तंबाखू-गुटख्यानं तोंडाचे कर्करोग भरपूर. गाठ गालातून बाहेर फुटली की जखमेला वास सुटतो. तो वास घरातल्या माणसांना पेशंटपासून तोडतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. रांजणगावात भाड्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणारा 40-42 वर्षांचा एक वेल्डर पडद्याच्या पलीकडं एकटा निजायचा. उदबत्त्यांचा धूर कोंडलेला. सहा वर्षांचा मुलगा दारातूनच "पप्पा" म्हणायचा.

सिस्टरांनी त्याच्या बायकोला शेजारी बसवलं आणि काम दाखवलं. अर्धा लिटर पाणी उकळून गार करायचं, त्यात चहाचा एक चमचा मीठ. जुनी पट्टी ओढायची नाही, ओढली की रक्त येतं; त्या पाण्यानं भिजवून ती आपोआप सुटू द्यायची. जखम त्याच पाण्यानं हलकेच धुवायची. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या दोन चमच्यांमध्ये दाबून वस्त्रगाळ पूड करायची आणि जखमेवर पसरायची, कारण वास ज्या जंतूंमुळं येतो त्यांच्यावर हे औषध चालतं. वर स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाची घडी. बाईचा हात पहिल्या दिवशी थरथरत होता. दुसऱ्या भेटीत तिनं सिस्टरांना हात लावू दिला नाही, सगळं स्वतः केलं. पाचव्या दिवशी सिस्टर आल्या तेव्हा पडदा काढून बाजूला टांगलेला होता आणि पोरगं बापाच्या पोटाला टेकून गृहपाठ करत होतं. जखम होती तेवढीच होती. वेल्डर दीड महिन्यानं गेला, पण तो दीड महिना कुटुंबात होता.

याच घरानं सिस्टरांना दुसरा, कडू धडा दिला. उपचाराला पैसे हवेत म्हणून वेल्डरनं नोकरीचा राजीनामा देऊन भविष्य निर्वाह निधी काढून घेतला होता. सिस्टरांना हे पहिल्याच भेटीत कळलं होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा त्यांना कळला नाही. निधीशी जोडलेल्या विमा योजनेत कामगार नोकरीत असताना गेला तर वारसाला 7 लाख रुपयांपर्यंत मिळतात. राजीनाम्यानं ते कवच गेलं होतं. हे त्यांना एका निवृत्त कामगार कार्यकर्त्यानं सांगितलं तेव्हा वेल्डरचा दहावा होऊन गेला होता. त्या रात्री झोप लागली नाही, असं त्या सांगतात. त्यानंतर त्यांनी ही सगळी कागदपत्रं समजून घेतली. कर्मचारी राज्य विमा असेल आणि अटी बसत असतील तर कर्करोगासारख्या लांबलेल्या आजारात 80 टक्के मजुरी दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. लग्नाआधी केलेलं पीएफचं वारसपत्र लग्नानंतर चालत नाही, नवं भरावं लागतं. नोकरीतला पेशंट असेल तर रक्तदाब मोजून झाल्यावर त्या आता विचारतात, "वारस कोण लावलाय? राजीनामा तर दिला नाही ना?" ब्रिटनमध्ये 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग सामाजिक कार्यकर्त्या, मग डॉक्टर. शरीर, मन, घरदार, श्रद्धा सगळीकडून येणाऱ्या दुखण्याला त्यांनी एकत्र 'समग्र वेदना' मानलं. ही कल्पना सिस्टरांनी प्रशिक्षणात वहीत उतरून घेतली होती, पण तिचा अर्थ त्यांना वेल्डरच्या खोलीत समजला.

आपल्याकडं हे काम रुजायला वेळ लागला, पण रुजलं. डॉ. एल. जे. डिसूझा यांनी 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू केलं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे. कोझिकोडला 1993 मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी दवाखाना सुरू केला. त्यातूनच पुढं केरळमध्ये शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचं जाळं तयार झालं. केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम 2012 चा आहे आणि आता आयुष्मान आरोग्य मंदिरांत द्यायच्या 12 सेवांमध्ये पॅलिएटिव्ह केअरही धरली आहे. कागदावरची ही सेवा प्रत्येक खाटेपर्यंत पोहोचवायची तर आशाताई आणि उपकेंद्राची परिचारिका तयार हवी, म्हणून सिस्टर गृहभेटींना त्यांना सोबत नेतात.

आजार सांगायचा की लपवायचा, हा प्रश्न बहुतेक घरांत येतो. "त्यांना सांगू नका, खचतील." असं दाराबाहेर गाठून सांगणारी बायको आणि तिची पाठ वळताच "तिला बोलू नका, मला ठावं आहे," असं म्हणणारा नवरा, दोघं सिस्टरांनी एकाच दुपारी पाहिले. सुरुवातीला त्या दोघांचंही ऐकायच्या. त्यात एक माणूस गेला. मुलीचं लग्न, सावकाराचं देणं, सगळं त्याच्या पोटात राहिलं. आता त्या पेशंटलाच विचारतात, "तुम्हाला आजाराबद्दल किती माहिती हवी आहे? आणि घरात कोणाला सांगितलेलं चालेल?" कोणी म्हणतं, सगळं सांगा. कोणी म्हणतं, पोराशी बोला, मला नको. ज्यांना नको असतं त्यांच्यावर त्या काही लादत नाहीत.

विचारण्याची ही सवय आणखी पक्की केली ती एका आजोबांनी आणि एका मावशींनी. आजोबा बीड जिल्ह्यातले, पोराकडं बजाजनगरात आणलेले. "मला गावाकडं न्या," एवढंच बोलायचे. पोराला भीती, तिथं डॉक्टर नाही. सिस्टरांनी 15 दिवसांची औषधं, लिहिलेल्या वेळा आणि गावच्या आशाताईंचा फोन असं सगळं बांधून दिलं. आजोबा गावात 11 दिवस राहिले. विहिरीजवळ खाट टाकून घेतली, बैलजोडी बघितली. पुतण्या रोज रात्री फोन करायचा.

मग मावशी आल्या, परतूरकडच्या, पोटात पाणी झालेल्या. सिस्टरांनी आपणहून गावाकडं न्यायची तयारी सुरू केली. मावशी चिडल्या. "गावाकडं माझं कोण हाय? 30 वर्षं इथं पोळपाट लाटणं केलं, इथंच बचत गट केला. मोहटादेवीच्या देवळात आरतीला जाते मी. कशाला धाडता मला?" मावशी बजाजनगरातल्या आपल्या घरीच गेल्या. शेवटच्या आठवड्यात गटाच्या बाया पाळ्या लावून उशाशी बसायच्या आणि आषाढीला छोट्या पंढरपुराकडं निघालेल्या दिंड्यांचे टाळ त्यांना खिडकीतून ऐकू आले.

जुलै 2020 मध्ये शहरात आणि वाळूज परिसरात कडक टाळेबंदी होती. भेटी थांबल्या. फोनवरून सल्ला देता येत होता, पण त्या वर्षीच्या टेलिमेडिसिनच्या नियमांत मॉर्फिनसारखं औषध फोनवर लिहून द्यायला परवानगी नव्हती. नातेवाइकांनी नाकाबंदीवर डॉक्टरांची चिठ्ठी दाखवत यायचं, गोळ्या घेऊन परत जायचं. एकदा रात्री साडेबाराला फोन वाजला. दिवसभराच्या थकव्यात सिस्टरांना जाग आली नाही. सकाळी उलट फोन केला तेव्हा माणूस गेलेला होता. "घशात घरघर होत होती, आम्हाला काय कळंना," मुलगी म्हणाली. शेवटच्या तासांत घशात साचलेल्या लाळेची ती घरघर असते. ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पण त्या माणसाला तिचा त्रास बहुधा होत नसतो. कुशीवर वळवलं की आवाज कमी होतो. हे दोन दिवस आधी सांगून ठेवता आलं असतं. आता त्या ते आधीच सांगतात. शेवटी भूक-तहान मंदावते, गिळता येत नसताना पेज भरवली तर ती श्वासनलिकेत जाते, हेही सांगतात. "उपाशी कसं जाऊ देऊ?" असं विचारणाऱ्या मुलाच्या हातात त्या ओला कापूस देतात. ओठ ओले करायचे, तोंड पुसायचं, जवळ बसायचं. गंगाजळाचे दोन थेंब त्या कापसातूनही जातात.

काही घरं शेवटी पुन्हा दवाखान्याकडं धावतात आणि व्हेंटिलेटरपाशी अडकतात. सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2018 मध्ये सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि आपल्याला शेवटी कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवायची वाट मोकळी केली. जानेवारी 2023 मध्ये ती आणखी सोपी झाली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. सिस्टरांनी स्वतःचा कागद करून ठेवला आहे. पेशंटच्या घरी तो विषय त्या आपणहून काढत नाहीत, कोणी विचारलं तर पर्समधून काढून दाखवतात.

प्रेस शॉपवाले काका त्या वेळापत्रकावर साडेतीन महिने राहिले. गेले ते पहाटे, काकूंचा हात हातात असताना. तेराव्यानंतर सिस्टर भेटायला गेल्या. माणूस गेल्यावरची ही भेट त्या चुकवत नाहीत. उरलेल्या गोळ्या परत घेऊन नोंद करायची असते, ते कामही असतं. काकूंनी स्टीलच्या डब्यातून पट्ट्या काढून दिल्या. सिस्टरांनी मोजल्या, 22 भरल्या. काकूंनी सही केली. चहा झाला. भिंतीवर कॅलेंडर अजून पाठमोरंच टांगलेलं होतं.

तेवढ्यात ओट्यावरचा मोबाइल वाजला. दुपारचे दोन. काकू सवयीनं उठल्या, पाण्याच्या तांब्यापर्यंत गेल्या आणि थबकल्या. मुलगा अलार्म काढून टाकायला पुढं झाला तर त्यांनी हात केला.

"राहू दे. त्या वक्ताला मी जेवायला बसते आता."

त्यांनी ताट वाढून घेतलं. सिस्टर त्यांचं जेवण होईपर्यंत बसून राहिल्या.